मुगाचा मोड आणि शरीरातील गाठ

गेल्या महिन्यात लालबागला माझ्या दवाखान्यात गावाकडचे एक गृहस्थ आले. वय साठीच्या आसपास. लसिकाग्रंथींचा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, निघाल्यामुळे त्यांच्यावर परळला उपचार चालू होते आणि त्यासाठी ते चाळीत भाच्याकडे उतरले होते. सोबत त्यांची पत्नी, भाचा आणि भाच्याचा कॉलेजात जाणारा मुलगा. आपल्या जिल्ह्याचे आणि लालबाग-परळचे नाते गिरण्यांच्या काळापासूनचे. गावात कोणाला मोठे दुखणे झाले की पाय आपोआप तिकडे वळतात, त्यामुळे अशी कुटुंबे मला नवीन नाहीत.

पण ही मंडळी ताप-खोकल्यासाठी आली नव्हती, घरातला वाद सोडवून घ्यायला आली होती.

"डॉक्टर, मामांनी तीन आठवड्यांत चार किलो वजन घालवलंय," भाचा म्हणाला. "मामी त्यांना उसळ देत नाही. मूग नाही, मटकी नाही, वाल नाही. मासे-मटण ते खात नाहीत, दूध पचत नाही. मग खायचं काय?"

वहिनींनी खालच्या आवाजात कारण सांगितले. चाळीतल्या कोणीतरी त्यांना म्हणाले होते, "ज्याला मोड येतो ते खाल्लं, की गाठीलाही मोड येतो."

इतक्यात मुलाने खिशातून एक बाटली काढली. स्पर्मिडिन नावाच्या कॅप्सूल. गव्हाच्या अंकुरातून काढलेल्या, नवी पेशी घडवणाऱ्या, म्हातारपण लांबवणाऱ्या. त्याने त्या आजोबांसाठी मोबाईलवरून मागवल्या होत्या. "मोडातली ताकद आहे ही, डॉक्टरकाका. द्यायची ना?"

गंमत पाहा. एकाच घरात, एकाच माणसासाठी, मोडातली एकच वस्तू एकीला विष वाटत होती आणि दुसऱ्याला अमृत. दोघांचेही प्रेम खरे होते. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा एक एक कण होता. आणि दोघांचाही निष्कर्ष चुकीचा होता. ही वस्तू कोणती, ती रोपात काय करते, आपल्या शरीरात काय करते आणि ताटात तिचे स्थान काय, हे आज पाहू.

नाव वाईट, काम चांगले

या वस्तूंना पॉलिअमाइन्स म्हणतात. मुख्य तीन: पुट्रेसिन, स्पर्मिडिन आणि स्पर्मिन. हे जीवनसत्त्व नव्हे आणि प्रथिनही नव्हे. हे अगदी छोटे, नत्रयुक्त रेणू आहेत. वनस्पती, प्राणी, माणूस अशा सर्वांच्या पेशींत ते असतात.

त्यांची नावे मात्र दुर्दैवी पडली. हॉलंडमधील लेवेनहूक यांनी आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली सतराव्या शतकात, १६७८ च्या सुमारास, पुरुषाच्या वीर्यात काही स्फटिक पाहिले. पुढे दोनशे वर्षांनी त्या द्रव्याला स्पर्मिन हे नाव मिळाले. १८८५ मध्ये बर्लिनच्या ब्रीगर यांना सडलेल्या मांसात दोन द्रव्ये सापडली. सडण्याला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्यावरून एकाचे नाव पुट्रेसिन पडले आणि प्रेताला जो शब्द आहे त्यावरून दुसऱ्याचे कॅडाव्हेरिन. शिळ्या बांगड्याच्या वासात या दोघांचाही वाटा असतो. त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की हे कुजण्यातूनच जन्मणारे काही घाणेरडे द्रव्य असावे.

वस्तुस्थिती उलट आहे. मांस सडताना जंतू ही द्रव्ये भरमसाट तयार करतात, म्हणून ती तिथे प्रथम सापडली एवढेच. त्यांचे खरे घर म्हणजे जिवंत, वाढणारी पेशी.

कोरड्या मुगाला जाग येते तेव्हा

नवरात्रात घटाखाली धान्य पेरतात. पहिल्या दिवशी माती आणि दाणे, नवव्या दिवशी वीतभर पिवळसर रोपे. हा चमत्कार आपण दर वर्षी पाहतो, पण त्या दाण्यात काय घडते याचा विचार क्वचित करतो.

कोरडा मूग मेलेला नसतो, झोपलेला असतो. पाणी मिळाले की तो फुगतो, साठवलेली प्रथिने फोडू लागतो आणि त्यातून निघणाऱ्या आर्जिनिन नावाच्या अमिनो आम्लापासून पॉलिअमाइन्स बनवू लागतो. मोडाच्या टोकाशी जिथे एका पेशीच्या दोन आणि दोनाच्या चार होत असतात, तिथे त्यांचे प्रमाण वाढलेले असते.

ती तिथे करतात काय? प्रत्येक पेशीत डीएनए म्हणजे वंशाची पोथी असते. डीएनएच्या लांब धाग्यावर ऋण विद्युतभार असतो आणि पॉलिअमाइन्सवर धन भार. साहजिकच ती त्या धाग्याला चिकटतात, त्याला सावरतात. पेशी दुभंगताना या पोथीची नक्कल व्हावी लागते आणि त्या पोथीनुसार नवी प्रथिने तयार व्हावी लागतात. या दोन्ही कामांना त्यांची मदत लागते. प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेचा एक आवश्यक भाग तर स्पर्मिडिनचा तुकडा जोडल्याशिवाय कामालाच लागत नाही. ही व्यवस्था मुगाच्या रोपात आहे, तशीच तुमच्या-माझ्या शरीरातही आहे.

याचा शोध एका दिवसात लागला नाही. १९५२ साली इंग्लंडमधील रिचर्ड्स आणि कोलमन यांना पोटॅशची कमतरता असलेल्या सातूच्या रोपात पुट्रेसिन साचलेले आढळले. म्हणजे रोप अडचणीत आले की त्याच्यातील या द्रव्यांचा तोल बदलतो. दुष्काळ आणि खारी जमीन यांतही हेच दिसून आले आहे. १९६० च्या दशकात इटलीत बोलोन्याचे बान्यी यांनी एका झोपलेल्या कंदाच्या तुकड्यांना बाहेरून पॉलिअमाइन्स दिली, तेव्हा ते तुकडे वाढू लागले.

आपल्या देशातही यावर चांगले काम झाले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अडिगा आणि त्यांचे सहकारी रामकृष्ण यांनी १९७५ मध्ये, आर्जिनिनपासून पॉलिअमाइन्सकडे जाणाऱ्या वाटेवरचे पहिले विकर शुद्ध करून दाखवले. आणि ते कशातून? आपल्या विदर्भातील शेतकऱ्याला ठाऊक असलेल्या लाखोळीच्या, म्हणजे लाखेच्या, कोवळ्या रोपांतून. पुढे २००४-०५ च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातील एका छोट्या रोपात पॉलिअमाइन्स बनवणारी जनुके निकामी केली. त्या रोपांचे गर्भ बीजातच मेले. म्हणजे ही द्रव्ये म्हणजे वाढीला लावलेले खत नव्हे. त्यांच्यावाचून वाढ होतच नाही.

आणखी एक गंमत कोकणातील वाचकांना पटेल. कच्चा हापूस अढीत पिकतो तो इथिलीन या वायूमुळे आणि तो वायू फळ स्वतःच तयार करते. इथिलीन आणि स्पर्मिडिन ही दोन्ही बनवताना रोपाला एकच कच्चा माल लागतो. माल एकीकडे गेला की फळ पिकू लागते, दुसरीकडे गेला की ते हिरवे, ताठ राहण्याकडे कल असतो. एकाच पिठातून भाकरीही करायची आणि घावनही, तसा हा हिशोब आहे. वाढ, ताजेपणा आणि पिकणे यांचा तोल रोप असा सांभाळत असते.

तीच द्रव्ये आपल्या शरीरात

आता माणसाकडे येऊ. पोटातले बाळ वाढताना, जखम भरताना, आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होताना, हाडाच्या मगजात रक्तपेशी तयार होताना, जिथे जिथे पेशी दुभंगतात तिथे तिथे पॉलिअमाइन्स हजर असतात. आईच्या दुधातही स्पर्मिडिन आणि स्पर्मिन असतात.

शरीराला ती तीन वाटांनी मिळतात. शरीर स्वतः ती बनवते, आतड्यातील जंतू बनवतात आणि अन्नातून येतात. यावर शरीराने लगाम मात्र कडक ठेवला आहे. पॉलिअमाइन्स बनवणारे आपले मुख्य विकर शरीरातील सर्वांत अल्पायुषी विकरांपैकी एक आहे. तयार झालेल्यातले निम्मे दहा ते तीस मिनिटांत नष्ट होते. पॉलिअमाइन्स जास्त झाली की शरीर या विकराला पकडून मोडीत काढणारे दुसरे प्रथिन बनवते. घरात पाण्याची टाकी भरली की पंप आपोआप बंद व्हावा, तशी ही सोय आहे. म्हणून एक वाटी उसळ जास्त खाल्ली म्हणून निरोगी माणसाच्या पेशी बेफाम वाढत नाहीत.

गाठीत काय होते?

इथे वहिनींच्या भीतीतला सत्याचा कण आहे. कर्करोगाच्या पेशीत हा लगाम सैल झालेला असतो. पेशीच्या वाढीचे जनुक बिघडले की पॉलिअमाइन्स बनवण्याचा पंप चालूच राहतो. १९७१ साली अमेरिकेच्या डायान रसेल यांनी कर्करोगाच्या रुग्णांच्या लघवीत ही द्रव्ये वाढलेली आढळल्याचे प्रसिद्ध केले आणि शास्त्रज्ञांच्या मनात आले की हा पंपच बंद पाडला तर?

तसे औषध १९७० च्या दशकात तयारही झाले. त्याचे नाव इफ्लॉर्निथिन. त्याने पंप बंद पडला, पण कर्करोगाच्या रुग्णांवर एकट्याने त्याचा अपेक्षित परिणाम दिसला नाही. पेशींनी बाहेरून मिळतील ती पॉलिअमाइन्स ओढून घ्यायला सुरुवात केली. मग हे औषध भलत्याच ठिकाणी कामाला आले. आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे निद्रारोग होतो. त्याच्या परजीवीला या औषधाने चांगलेच लोळवले. बेशुद्धीत गेलेले रुग्ण उठून बसले. १९९० मध्ये अमेरिकेत त्याला या रोगासाठी मान्यता मिळाली. आणि कर्करोगातील त्याचा दिवस उजाडायला तब्बल तेहतीस वर्षे जावी लागली. डिसेंबर २०२३ मध्ये लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या गाठीत, मूळ उपचार संपल्यावर ती उलटू नये यासाठी, तेथील औषध प्रशासनाने त्याला मान्यता दिली.

हा सगळा इतिहास सांगायचे कारण असे, की डॉक्टरांनी या प्रश्नाकडे दुर्लक्ष केलेले नाही. पन्नास वर्षे त्यावर काम चालले आहे. "मोड आणि गाठ यांत काही नाते आहे का?" या प्रश्नाचे उत्तर "होय" असे आहे. दोघांना वाढायला एकच द्रव्य लागते.

मग उसळ बंद का करायची नाही? त्याला तीन कारणे आहेत.

पहिले, गाठ आपली पॉलिअमाइन्स मुख्यतः स्वतःच बनवते. तिला मुगाची वाट पाहावी लागत नाही.

दुसरे, पॉलिअमाइन्स नाहीत असे जेवण ताटात वाढताच येत नाही. जे जे जिवंत पेशींपासून आले त्या सर्वांत ती आहेत. मटार, सोयाबीन, अळंबी, गव्हाचा अंकुर यांत जास्त, बाकीच्यांत कमी. संत्र्या-मोसंबीतही पुट्रेसिन असते. शिवाय आतड्यातले जंतू ती रोज बनवतात, ते वेगळेच. फ्रान्समध्ये काही डॉक्टरांनी प्रोस्टेटच्या वाढलेल्या कर्करोगात पॉलिअमाइन्स कमी असलेला आहार देऊन पाहिला. पण ते थोड्या रुग्णांवरचे, डॉक्टरांच्या देखरेखीखालील प्रयोग होते. त्यावरून घरोघरी कडधान्ये बंद करावीत असे ठरलेले नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. केमोथेरपी चालू असताना रुग्णाला प्रथिने लागतात. मगजातल्या पेशी, आतड्याचे अस्तर, तोंडातली त्वचा हे सगळे औषधांनी झिजते आणि पुन्हा उभे करावे लागते. कोरड्या मुगात शेकडा सुमारे २४ भाग प्रथिने असतात. ज्या घरात मासे-मटण नाही, दूध पचत नाही, तिथे कडधान्य काढून घेतले की उरते काय? भात आणि पातळ वरण. या गृहस्थांचे चार किलो वजन गेले ते केवळ रोगामुळे गेले, असे मला वाटत नाही. त्यांच्या ताटातूनही ते गेले होते. आणि वजन असे घसरत राहिले तर पुढचा डोस वेळेवर घेणे कठीण होते. उसळीच्या भीतीची खरी किंमत ती आहे.

बाटलीतले स्पर्मिडिन

आता मुलाच्या कॅप्सूलकडे वळू. त्याचेही सगळे खोटे नव्हते. २००९ मध्ये ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील शास्त्रज्ञांनी स्पर्मिडिन देऊन यीस्ट, माशी आणि सूक्ष्म कृमी यांचे आयुष्य वाढल्याचे दाखवले. २०१८ मध्ये इटलीच्या ब्रुनेक गावातील ८२९ लोकांच्या वीस वर्षांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. ज्यांच्या जेवणात स्पर्मिडिन जास्त, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी दिसले. जास्त म्हणजे दिवसाला ११ मिलिग्रॅमहून अधिक, आणि तेही रोजच्या अन्नातून. अर्थात जे लोक भाज्या, डाळी, कोंड्याचे धान्य जास्त खातात त्यांच्या इतर सवयीही चांगल्या असतात. श्रेय एकट्या स्पर्मिडिनला देता येत नाही.

खरी परीक्षा पुढे झाली. बर्लिनच्या शारिते रुग्णालयात, आपली स्मरणशक्ती कमी होत आहे असे वाटणाऱ्या १०० वयस्कर लोकांवर प्रयोग झाला. काहींना गव्हाच्या अंकुरातील स्पर्मिडिनच्या कॅप्सूल आणि काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ कॅप्सूल वर्षभर दिल्या. २०२२ मध्ये निकाल आला. स्मरणशक्तीत दोन्ही गटांत फरक नाही. त्या कॅप्सूलमधून मिळणारे स्पर्मिडिन होते दिवसाला ०.९ मिलिग्रॅम. ब्रुनेकचे लोक जेवणातून घेत होते त्यापुढे हे किती, ते वाचकांनीच पाहावे.

ज्याच्या शरीरात गाठ आहे त्याच्या बाबतीत तर प्रश्नच वेगळा. जे द्रव्य गाठीलाही लागते, ते केमोथेरपी चालू असताना, उपचार करणाऱ्या डॉक्टरांना न विचारता, अर्क काढून कॅप्सूलमधून का द्यायचे? अन्नातील वस्तू अन्नाच्या मापात, इतर शंभर वस्तूंबरोबर शरीरात जाते. बाटलीतील वस्तू एकटी जाते. मी मुलाला सांगितले, "बाळा, ही बाटली परत करता आली तर कर, नाहीतर तशीच ठेव. आणि आजोबा कोणतीही गोळी, पूड, काढा घेत असले तर परळच्या डॉक्टरांना आधी दाखवा."

मोडाने खरेच काय वाढते?

"मोड आले की ताकद दुप्पट होते," असे आपल्याकडे म्हणतात. प्रथिनांच्या बाबतीत ते खरे नाही. मोड येताना पाणी वाढते. प्रथिने होती तेवढीच राहतात, फक्त पचायला थोडी सोपी होतात. लोह आणि जस्त अडवून धरणारे फायटेट कमी होते. पोटात वायू करणाऱ्या काही शर्करा कमी होतात. आणि कोरड्या मुगात जवळजवळ नसलेले 'क' जीवनसत्त्व मोडात नव्याने तयार होते. मुगाच्या शंभर ग्रॅम कच्च्या मोडात ते सुमारे १३ मिलिग्रॅम असते.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व आपल्या भागाने फार जवळून पाहिले आहे. पहिल्या महायुद्धात १९१५-१६ च्या हिवाळ्यात मेसोपोटेमियात कूत येथे जे सैन्य वेढ्यात सापडले, ते पुण्याचे सहावे डिव्हिजन होते. त्यात मराठा पलटणीही होत्या. ताजी भाजी नाही, फळ नाही. हिंदी जवानांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागले, जखमा भरेनात. १९१७ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील हॅरिएट चिक आणि मार्गारेट ह्यूम यांनी दाखवून दिले, की भिजवून मोड आणलेली कडधान्ये स्कर्व्हीला रोखतात. ज्या डाळी-कडधान्यांची पोती फौजेबरोबर असत, त्यांना पाणी घालून फडक्यात बांधणे एवढेच हवे होते. आपल्या आजीला ते येत होते. मात्र त्यामागचे कारण तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते.

गिरणगावात तर उसळीने पिढ्या पोसल्या. गावाहून एकट्या आलेल्या कामगारांना खानावळवाल्या बाया जेवू घालत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अशा बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. स्वस्तात स्वस्त प्रथिन म्हणजे भाकरी आणि उसळ. दादरच्या किंवा गिरगावच्या भाजीबाजारात आजही मोड आलेले मूग, मटकी आणि सोललेल्या वालाचे बिरडे मिळते. श्रावणी सोमवारी बिरड्याशिवाय ज्यांचे जेवण होत नाही, त्यांना वेगळे सांगायला नको.

कच्चे नव्हे, शिजवलेले

हे सगळे खरे असले तरी एका बाबतीत मी फार कडक आहे. मोड यायला ऊब आणि ओल लागते. जंतूंनाही नेमके तेच लागते. २०११ साली जर्मनीत कच्च्या मोडांमुळे ई-कोलाय या जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ आली. सुमारे ४,००० लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक दगावले. शोध घेता घेता संशय जाऊन थांबला तो मेथीच्या दाण्यांवर. त्या दाण्यांपासून मोड काढले होते. मेथी वाईट नव्हती. कुठेतरी जंतू दाण्याला लागले, उबेत वाढले आणि लोकांनी ते मोड न शिजवता खाल्ले.

म्हणून घरी पुढील पथ्ये पाळावीत.

१. कडधान्य निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुऊन, पिण्याच्या पाण्यात सात-आठ तास भिजवावे. भिजवलेले पाणी ओतून द्यावे.

२. उकळत्या पाण्यातून काढलेल्या फडक्यात बांधावे. जुने, कळकट फडके नको. दिवसातून दोन वेळा मोड धुवावेत. मुंबईच्या किंवा कोकणच्या उकाड्यात मुगाला एका दिवसात मोड येतात. लांब मोडांच्या हौसेने तीन-तीन दिवस ठेवू नयेत.

३. बुळबुळीत लागले, आंबूस वास आला, तर "धुऊन चालेल" म्हणू नये. टाकून द्यावे. पावसाळ्यात हे विशेष सांभाळावे.

४. मोड आल्यावर लगेच शिजवावे किंवा फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी संपवावे. बाजारातून आणलेले मोडही धुऊन, शिजवूनच खावेत.

५. शिजवताना 'क' जीवनसत्त्व काही प्रमाणात जाते. ताटात वाढल्यावर उसळीवर लिंबू पिळले की ती उणीव भरून निघते. लिंबाने लोहही चांगले शोषले जाते.

६. केमोथेरपीचे रुग्ण, गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि वृद्ध यांनी कच्चे मोड खाऊच नयेत. केमोथेरपीत पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना तर एक कच्चा घासही नको. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी कडधान्यांचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

शेवटी त्या घराविषयी

मी वहिनींना म्हटले, "वहिनी, वाढीचे द्रव्य मोडातही असते आणि गाठीतही असते, हे तुमचे बरोबर. पण जे द्रव्य गाठीला लागते तेच तुमच्या यजमानांच्या रक्ताला, आतड्याला, जखमेलाही लागते. गाठीला उपाशी मारायला निघाल, तर आधी माणूस उपाशी मरेल. गाठीचा बंदोबस्त परळचे डॉक्टर औषधाने करतील. तुमचे काम माणसाला उभे ठेवण्याचे आहे."

त्यांनी विचारले, "मग मूग चालतील?"

"मऊ शिजवलेल्या मुगाची उसळ दोन वेळा चालेल. वर लिंबू. तिखट कमी, कारण तोंड सोलवटलेले आहे. जमेल तेव्हा अंडे. आणि दर आठवड्याला वजन करून वहीत मांडायचे."

त्या काही बोलल्या नाहीत. भाच्याने मात्र मान हलवली. परवा ते चौघे पुन्हा आले. वजन एक किलो चढले होते. फार मोठी गोष्ट नव्हे, उपचार अजून बरेच बाकी आहेत आणि त्यांचा निकाल कोणाच्या हातात नाही. पण पुढचा डोस ठरल्या दिवशी मिळाला होता. वहिनींनी वही आणली होती. त्यात वजनाच्या आकड्यांशेजारी रोज त्यांनी काय शिजवले तेही लिहिले होते. मूग, मटकी, मूग, वाल.

वाचकहो, आपल्याकडे दुखणाईताच्या ताटावर सगळ्यांचा हक्क असतो. शेजारी एक पदार्थ काढतो, पाहुणा दुसरा घालतो. आपल्या घरातही कोणी उपचारात असेल, तर ताटातून काही काढण्याआधी आणि बाटलीतून काही घालण्याआधी डॉक्टरांना एकदा विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत. न विचारण्याची किंमत मात्र रुग्ण आपल्या वजनाने मोजतो.